पुढच्या दारावरची थाप

ह्यूबर्ट पिनसेंटने कोटाची वरची गुंडी लावली, मग काढली, मग पुन्हा लावली. चर्चच्या वळणावर गाडी उभी करून तो बराच वेळ नुसता बसून होता. म्हणायचं वाक्य त्याने घरूनच पाठ करून आणलं होतं. ‘नमस्कार, मी ह्यूबर्ट, मला पेट्रिनाने पाठवलंय.’ यात चुकण्यासारखं काही नव्हतं. पण ओळखीचे नसलेले लोक समोर आले की त्याच्या घशाला कुलूप लागायचं, आणि हे कुलूप एकाहत्तर वर्षांत कुणाला उघडता आलं नव्हतं. त्याला स्वतःला तर नाहीच.

उभी हयात त्याने सेंट जॉन्समधल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. लोकांनी लिहावं, त्याने वाचावं, चुकलेल्या जागी समासात खूण करावी. बोलायची गरज पडत नसे. लग्नाचं राहून गेलं. बहीण वारली तेव्हा तिचं खाडीकाठचं घर त्याच्याकडे आलं, आणि तो शहर सोडून तिथे राहायला आला. पुस्तकं होती, चहा होता, खिडकीतून समुद्र दिसत होता. तरी दुसऱ्या हिवाळ्यात एके सकाळी त्याच्या लक्षात आलं, की कालपासून, कदाचित परवापासूनही, आपण एक शब्द उच्चारलेला नाही. तो घाबरला आणि त्याच भीतीच्या भरात दवाखान्यात जाऊन त्याने आपलं नाव दिलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा तासभर जाऊन बसायचं, गप्पा मारायच्या, असं ते काम होतं.

दोन घरं झाली होती. पहिल्या घरच्या म्हाताऱ्या खलाशाने पेट्रिनाला फोन करून सांगितलं, “तो माणूस येतो आणि भिंतीवरच्या घड्याळासारखा बसतो. घड्याळ निदान टोले तरी देतं.” दुसऱ्या घरच्या बाई त्याच्यासमोर झोपी गेल्या. जागं झाल्यावर त्यांनी दुसरा कुणीतरी पाठवा म्हणून कळवलं.

पेट्रिना ही सगळी नेमणुकांची कामं बघायची. ती म्हणाली होती, “ह्यूबर्ट, हे तिसरं घर. डॅमसन कोव्हच्या ड्रुसीमावशी. नवरा नाही, एकुलता एक मुलगा सेल्बी. तो खेकड्याच्या बोटीवर असतो, त्यानेच नाव नोंदवलंय. त्यांना कल्पना दिलेली आहे. हेही जमलं नाही तर मी तुम्हाला लायब्ररीत पुस्तकांना लेबलं चिकटवायला बसवीन.”

“तेही चालेल,” ह्यूबर्ट पुटपुटला होता.

“चालेल काय, आवडेल! म्हणून तर देत नाहीये.”

लेबलं चिकटवण्यात त्याचं पुढचं सगळं आयुष्य आरामात गेलं असतं, आणि त्याच आरामाची त्याला धास्ती वाटत होती. आज एका माणसाने आपल्याला ‘पुन्हा या’ म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

तो गाडीतून उतरला. अंगात काळा ओव्हरकोट होता. चांगला म्हणावा असा तेवढाच होता, बहिणीच्या अंत्यविधीसाठी घेतलेला. काखेत काळ्या बांधणीचं एक जाड पुस्तक. समुद्रपक्ष्यांवरचं. गप्पा अडल्या तर वाचून दाखवता येईल म्हणून आणलेलं. कालपासून वारा सुटला होता आणि सकाळपासून धुकं होतं. खाडीच्या तोंडाशी बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासत असल्याचा आवाज येत होता.

घर पांढरं, दुमजली, समुद्राकडे तोंड करून उभं होतं. रस्त्यावरून एक पायवाट घराच्या मागच्या अंगाला जात होती. तिथे लाकडं रचलेली होती, दोरीवर एक टॉवेल होता. पण परक्या बाईच्या घरात मागच्या दाराने शिरणं ह्यूबर्टला चोरासारखं वाटलं. बहिणीच्या घरातही तो पुढच्या दारानेच ये-जा करायचा. समोरचे शेजारी ते बघून दर वेळी का दचकतात, हे त्याला कधी कळलं नव्हतं.

पुढच्या दाराला दोन पायऱ्या होत्या. त्यांच्या फटींतून गवत उगवलं होतं. तो पायऱ्या चढला आणि त्याने दारावर थाप दिली. थांबला. पुन्हा दिली.

वरच्या मजल्यावरचा पडदा हलला. मग घरात काहीतरी जमिनीवर पडून फुटलं. मग काहीच ऐकू आलं नाही.

खूप वेळाने आतून दार ओढल्याचा आवाज आला. ते फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं. दोनदा, तीनदा हिसका बसला आणि मग ते एकदम उघडलं. समोर एक लहानखुरी बाई उभी होती. ऐंशीच्या पुढची, कोपरापर्यंत हात पिठाने माखलेले. ह्यूबर्टने टोपी काढली. वाक्य तोंडाशी आलं आणि तिथेच विरघळलं. त्याने मान खाली घातली.

बाईने त्याचा कोट पाहिला, काखेतलं पुस्तक पाहिलं, हातातली टोपी पाहिली.

“काही बोलू नका,” ती म्हणाली. “आत्ता नको. आधी आत या.”

ह्यूबर्टचे डोळे भरून आले. आजवर त्याचं इतकं समजूतदार स्वागत कुणीच केलं नव्हतं.

तिने त्याला पुढच्या खोलीत बसवलं. खोली थंडगार होती. पायपेटीवर विणलेला रुमाल, भिंतीवर एका मिशाळ माणसाचा फोटो, खुर्च्या कुणी न बसल्यामुळे नव्या राहिलेल्या. “चुलीवरचं उतरवून येते,” म्हणून ती गेली. जाण्याआधी तिने खिडकीचा पडदा खाली ओढला आणि घड्याळाचा लंबक बोटाने धरून थांबवला. टिकटिक सहन होत नसेल, ह्यूबर्टने विचार केला. मग घरभर एकामागून एक पडदे खाली येत असल्याचे आवाज आले. डोळ्यांना उजेडाचा त्रास होत असणार. हेही त्याने लक्षात ठेवलं. पेट्रिना नेहमी सांगायची, माणसाच्या सवयी लक्षात ठेवा.

ती परत आली ती हात धुऊन, ॲप्रन काढून, केस नीट करून. समोरच्या खुर्चीत ताठ बसली.

“तुमचं नंतर सांगा. आधी माझं ऐका. तुमचं ऐकलं की मला बोलता यायचं नाही.”

ह्यूबर्टने मान हलवली.

“परवा आमचं भांडण झालं, सेल्बीचं आणि माझं. तो म्हणतो, आई, तुला गँडरच्या वृद्धाश्रमात ठेवतो. तिथे नर्स आहे, लिफ्ट आहे, भिंतीला धरायला दांडे आहेत. मी म्हटलं, दांडे तूच धर. तो म्हणाला, तू एकटी पडून मेलीस तर लोक मला काय म्हणतील? तेव्हा मी म्हटलं…” ती थांबली. “मी म्हटलं, चालता हो. मला तुझं तोंड पुन्हा बघायचं नाही. हे असं म्हटलं मी. पोटच्या पोराला. तो समुद्रावर निघालेला असताना. आणि बोटींशी बोलायचा तो खिडकीतला वायरलेस बंद करून टाकला, त्याचा आवाजसुद्धा नको म्हणून. तुम्ही शिकलेले आहात. बोललेलं परत घेता येतं का हो? नाही, नाही, बोलू नका.”

ह्यूबर्टच्या मनात उत्तर तयार होतं. ‘छापायच्या आधी घेता येतं.’ चांगलं वाक्य होतं. ती थांबली की तो ते म्हणणार होता. मागच्या दोन घरांत कुणी त्याला हवापाण्यापलीकडे काही सांगितलं नव्हतं, आणि ही बाई पहिल्याच भेटीत काळीज उघडून बसली होती. जमलं, असं त्याला वाटलं. लाज वाटण्याइतका आनंद झाला त्याला.

“माझा नवरा, एली, गेला तेव्हा पाद्री असेच उभे होते,” ती फोटोकडे बघत म्हणाली. “टोपी हातात, मान खाली. त्यांनाही शब्द फुटला नाही. एलीला याच दाराने बाहेर नेलं. त्यानंतर हे दार उघडलं ते आज.”

ह्यूबर्टच्या हातातली टोपी एकाएकी जड झाली. काहीतरी बरोबर नव्हतं. कुठल्यातरी ओळीत फार मोठी चूक राहून गेली होती आणि ती कुठे आहे ते त्याला दिसत नव्हतं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. थाप नाही, हाक नाही. स्वयंपाकघरात बुटांचे आवाज, मग कुजबुज, मग आणखी बूट. आणि एक धिप्पाड बाई खोलीत शिरली ती सरळ ड्रुसीमावशीच्या गळ्यातच पडली.

“मावशी गं! पडदे दिसले गं पलीकडून! मी हातातलं टाकून धावले.”

“फ्रोनी,” ड्रुसीमावशी म्हणाली, “घरात चहापत्ती आहे का बघ. लोक येतील.”

फ्रोनीने डोळे पुसले आणि ती ह्यूबर्टकडे वळली. आवाज खाली आणून अदबीने म्हणाली, “सेल्बीचं कुठे झालं, फादर? बोट तरी सापडली का?”

आता ह्यूबर्टला चूक दिसली.

काळा कोट, काळं पुस्तक, टोपी. गवत उगवलेल्या पायऱ्या. मयताच्या घरात करतात तसे खाली ओढलेले पडदे, थांबवलेलं घड्याळ. मागच्या दाराकडे जाणारी, पायांनी गुळगुळीत झालेली वाट. या गावात जिवंत माणसं त्या वाटेने येत होती, न विचारता, न ठोकता. पुढचं दार शवपेटीसाठी होतं, आणि निरोप घेऊन येणाऱ्यासाठी. समोर बसलेली बाई गेला अर्धा तास मेलेल्या मुलाची आई होती, आणि तिला तसं त्याने केलं होतं. एकही शब्द न बोलता केलं होतं.

“मी…” तो म्हणाला. आवाजच निघाला नाही.

“राहू द्या,” फ्रोनी म्हणाली. “तुम्हाला तरी काय सोपं आहे!” आणि ती ड्रुसीमावशीला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

ह्यूबर्ट मागोमाग धडपडत गेला. स्वयंपाकघर माणसांनी भरलं होतं. घरी जे शिजलं होतं ते जो तो उचलून घेऊन आला होता. टेबलावर वाटाण्याच्या सूपचं पातेलं, काकवीचे बन, कापडात गुंडाळलेला पाव. फरशीवर फुटलेल्या चिनी मातीच्या परातीचे तुकडे कुणीतरी गोळा करत होतं. ड्रुसीमावशीला कोचावर बसवलं होतं. ती कुणाकडेच बघत नव्हती. होझियाकाका नावाचे एक वाळकुडे म्हातारे भिंतीवरच्या फोनपाशी चष्मा पुसत उभे होते.

“व्हर्नाला कळवायला हवं,” ते म्हणाले. “कुणी सांगायचं?”

“द्या, मी लावते,” फ्रोनी म्हणाली. “बायकोला बाईनेच सांगावं. पोरं शाळेत असतील तोवर सांगितलेलं बरं.”

“थांबा,” ह्यूबर्ट म्हणाला.

कुणी ऐकलं नाही. एका बाईने त्याच्या हातात चहाचा कप दिला. फ्रोनीचं बोट फोनच्या आकड्यांवर फिरायला लागलं. ह्यूबर्टने कप ठेवायला जागा शोधली, ती मिळाली नाही, आणि कप हातातून सुटला.

“कुणी मेलेलं नाही!”

तो आवाज आपलाच आहे हे कळायला त्याला क्षणभर वेळ लागला. सगळे त्याच्याकडे बघत होते. फ्रोनीचं बोट हवेत होतं.

“मी पाद्री नाही. हे पुस्तक पक्ष्यांचं आहे. मला पेट्रिनाने पाठवलंय, दवाखान्यातून. मी… मी सोबतीला आलोय. गुरुवारी तासभर.”

“कुणाच्या सोबतीला?” होझियाकाकांनी विचारलं.

“यांच्या.”

“माझ्या?” ड्रुसीमावशीने आता प्रथम मान वर केली. “मला कशाला लागते सोबत?”

हे तिने एवढ्या गर्दीत बसून विचारलं, पण हसलं कुणी नाही.

फ्रोनी त्याच्या अंगावर धावून आली. “मग त्या दाराने कशाला मेलास? आं? मागचं दार दिसत नव्हतं? डोळे आहेत की गुंड्या? म्हातारीचा जीव घेतला असतास!”

“फ्रोनी, थांब,” ड्रुसीमावशी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. तिने ह्यूबर्टकडे रोखून पाहिलं. “म्हणजे सेल्बी आहे?”

हो म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कुणीही ‘हो’ म्हटलं असतं. पण जे माहीत नाही ते छापू द्यायचं नाही, ही जन्माची सवय आडवी आली.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “मी काहीच बातमी आणलेली नाही. चांगलीही नाही.”

होझियाकाका खिडकीशी गेले आणि त्यांनी वायरलेसचं बटण फिरवलं. खरखर सुरू झाली. त्यांनी सेल्बीच्या बोटीला हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. मग दुसऱ्याच एका बोटीवरून कुणीतरी बोललं, की पहाटे पाहिला होता सेल्बीला, बर्फाच्या बाहेरच्या अंगाला. नंतर धुकं आलं. नंतर दिसला नाही.

खोलीतली हवाच गेली. आत्तापर्यंत सगळे शोक करत होते, त्यात निदान काय करायचं ते ठाऊक होतं. आता कुणाला हात कुठे ठेवावे ते कळेना. एक जण दाराशी हळूच म्हणाला, “थाप तर पडलीच ना,” आणि सगळ्यांनी ह्यूबर्टकडे पाहिलं. चुकून पडलेली थाप खरी ठरली तर तीही त्याच्याच खात्यावर जाणार होती, हे त्या नजरांत स्पष्ट लिहिलेलं होतं.

तो दाराकडे निघाला. नेमकं कुठल्या दाराकडे ते त्यालाही माहीत नव्हतं.

“कुठे चाललास?” ड्रुसीमावशी म्हणाली. “तू आणलंस हे. आता बस इथे. हे जाईपर्यंत बस.”

तो तिच्या शेजारी कोचावर बसला. तिने त्याचं उजवं मनगट पकडलं. एवढ्याशा म्हातारीत एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. होझियाकाका हाक देत होते, थांबत होते, पुन्हा देत होते. छापण्याविषयीचं ते वाक्य ह्यूबर्टला आठवलं आणि आपण ते बोललो नाही याबद्दल त्याने मनातल्या मनात हात जोडले. तिचा श्वास अडकला की त्याचाही अडकत होता.

खरखर वाढली. एक चिडका आवाज आला. “कोण बोंबलतंय मघापासून? माझे हात जाळ्यात आहेत इथे!”

होझियाकाकांच्या हातून मायक्रोफोन निसटता निसटता राहिला. “सेल्बी? गाढवा, आम्ही तुझ्या आईच्या घरी तुझ्या मयताला जमलोय!”

“माझ्या कशाला?”

“मयताला! मयताला!”

पलीकडे नुसतं इंजिन ऐकू आलं. मग, “काका, सकाळीच घेतलीत काय? बरं ऐका, आई आहे का तिथे? तिला एक सांगायचं राहिलं. दवाखान्यातला एक माणूस येणार आहे आज, तिच्याशी बोलत बसायला. परवा सांगणारच होतो, पण त्याच्या आधीच जुंपली आमची. त्याला हाकलू नकोस म्हणावं.”

सगळ्या स्वयंपाकघराची मान ह्यूबर्टकडे वळली. फ्रोनी मटकन खुर्चीत बसली.

होझियाकाकांनी मायक्रोफोन ड्रुसीमावशीच्या हातात दिला. तिने बटण दाबलं. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. खाडीतल्या प्रत्येक बोटीवर, प्रत्येक स्वयंपाकघरात फक्त तिचा श्वास ऐकू जात असणार. घशाला लागलेलं ते कुलूप ह्यूबर्ट ओळखत होता. तिने मायक्रोफोन त्याच्या डाव्या हातात कोंबला.

“कोण आहे?” सेल्बी विचारत होता. “आई?”

“तो माणूस,” ह्यूबर्ट म्हणाला. “दवाखान्यातला.”

“आई कशी आहे?”

ह्यूबर्टने तिच्याकडे पाहिलं. “बसल्या आहेत. माझं मनगट धरलंय. सोडत नाहीयेत.”

ड्रुसीमावशीच्या ओठांना शेवटी शब्द सापडले, पण ते पुटपुटण्याइतकेच. “त्याला सांग, माणूस पाठवायचा तर जरा जिवंत दिसणारा पाठवत जा.”

ह्यूबर्टने ते जसंच्या तसं सांगितलं. कुणीतरी खुदकन हसलं आणि फ्रोनी हमसून हमसून रडायला लागली.

“आणि सांग…” ड्रुसीमावशी थांबली. तिने मान हलवली. “मला नाही येत. तू सांग. तुला माहीत आहे.”

एवढ्या गर्दीत ते फक्त त्यालाच माहीत होतं. त्याने बटण दाबलं.

“त्यांना तुमचं तोंड बघायचंय,” तो म्हणाला.

इंजिनचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग सेल्बी घोगऱ्या आवाजात म्हणाला, “जाळी ओढून झाली की येतो,” आणि वायरलेस गप्प झाला.

कुणी उठलं नाही, कुणी घरी गेलं नाही. मेलेला माणूस संध्याकाळी जेवायला येणार म्हटल्यावर काय करायचं, याची गावात रीत नव्हती. शेवटी फ्रोनीने नाक पुसलं, सूपचा एक वाडगा भरला आणि ह्यूबर्टच्या समोर आपटला.

“खा. मयताला आणलेलं परत नेत नाहीत.”

“मला भूक…”

“खा म्हणते ना!”

ह्यूबर्टने चमचा डाव्या हातात घेतला. उजवा हात ड्रुसीमावशीकडे होता, आणि ती अजून सोडत नव्हती. सूप कोटावर सांडत होतं. ती त्याच्याकडे न बघता, टक लावून बंद वायरलेसकडे बघत म्हणाली, “मीठ कमी आहे ना? फ्रोनीचं नेहमीचंच आहे ते.”